सुलभाताईंचे 412 पॉइंट

"नंबर सांगा सर."

"कशाला?"

काउंटरवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं. सकाळपासून तिला हा प्रश्न कोणी विचारला नसावा. माझ्या हातात बनियनचा तीनचा सेट आणि एक पायपुसणं. डोंबिवलीतली रविवारची संध्याकाळ, म्हणजे मागे रांग दारापर्यंत.

"नंबरशिवाय सिस्टिम बिल घेतच नाही सर."

पूर्वी सरकारी कचेरीत 'साहेब जेवायला गेलेत' असायचं, त्या जागी आता ही सिस्टिम बसली आहे. साहेब निदान तासाभराने परत यायचे.

आता नंबर द्यायला काय जातं, हा प्रश्न मला घरातही विचारला जातो. काय जातं ते सांगतो. गेल्या वर्षी मला पन्नास पूर्ण झाली. रात्री 12 वाजून 1 मिनिटाने पहिला शुभेच्छा संदेश आला तो चष्म्याच्या दुकानाचा. 'आता डोळ्यांना जपा.' दुसरा दातांच्या दवाखान्याचा, कवळीवर सवलत. सख्खा मेहुणा सकाळी साडेदहाला उगवला. जाहिरातींचे फोन बंद करायच्या 1909 नंबरवर रीतसर 'नको' कळवून झालं आहे, तरी 'सर, प्लॉटमध्ये इंटरेस्टेड आहात का' चालूच. नाही म्हटलं की तो मुलगा इतका हिरमुसतो की मलाच वाईट वाटतं. मग मी विचारतो, कुठे आहे प्लॉट? दोष माझाही आहेच.

आमची ही मात्र नंबर असा सांगते की जणू आकाशवाणीवर बाजारभाव वाचते आहे. खणखणीत, दोन-दोन आकडे जोडून, शेवटी 'डबल फोर'. मागच्या दहा जणांचा पाठ होतो. वर मुलीने विचारलेलं नसताना जन्मतारीख! म्हणते, "अहो, बर्थडेला दोनशे रुपयांचं कूपन येतं." ते कूपन दोन हजारांच्या खरेदीवर चालतं, हा मुद्दा आमच्याकडे चर्चेला घेतला जात नाही.

त्या रविवारी ही बरोबर नव्हती. मी ठरवलं, आज नंबर द्यायचा नाही.

"मॅडम, 2023 च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक विभागाने दुकानांना सांगितलंय, नंबरची सक्ती करू नका म्हणून."

"हो का?" ती म्हणाली. "पण सिस्टिममध्ये नाही आलं अजून ते."

मागून एक काका म्हणाले, "अहो द्या ना नंबर, काय इस्टेट मागतेय का ती?"

मला त्यांना पुट्टस्वामी सांगायचे होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, वय ऐंशीच्या पुढे, 2012 मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. खाजगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असं म्हणून सरकार भांडलं. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलं, आहे. लोकांची व्यक्तिगत माहिती जपण्याच्या 2023 च्या कायद्यात तर चूक केली तर 250 कोटींपर्यंत दंड आहे, आणि संमती मागणारी नोटीस मराठीतूनही वाचायची सोय द्या असं आहे. पण 547 पानांचा निकाल पायपुसणं काखेत धरून सांगता येत नाही.

आणि सांगायचं कोणाला? आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अख्ख्या वॉर्डाचे पॅन कार्ड, मार्कशीट आणि भाडेकरार पडलेले असतात. मी एकदा आधारची प्रत काढायला गेलो, तर हातात कोणाचा तरी सातबारा आला. "तुमचाच ना?" म्हणाला. क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. सव्वादोन एकर बागायत होती.

वरची मंडळीही काही कमी नाहीत. मे 2022 मध्ये आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं, आधारची झेरॉक्स कुठेही देत सुटू नका, आकडे झाकलेली प्रत द्या. मला इतका आनंद झाला की मी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत पत्रकच मागे घेतलं. लोकांचा गैरसमज होईल म्हणे. नेहमीचं तारतम्य बाळगा म्हणजे झालं. ग्रुपवर सेक्रेटरीने अंगठा पाठवला. आमचं नेहमीचं तारतम्य म्हणजे झेरॉक्सवाला.

"सर?" मुलगी. "भैया, जल्दी," रांगेच्या शेपटाकडून कोणीतरी.

तेवढ्यात मला एक कल्पना सुचली आणि तिथेच मी फसलो. चार वर्षांपूर्वी बंद केलेला माझा जुना नंबर आठवला. मेलेला नंबर! द्यावा, पाठवा म्हणावं त्याच्यावर काय कवळ्या पाठवायच्या त्या. मी हिच्याइतक्याच खणखणीतपणे दहा आकडे सांगितले.

मुलीचा चेहरा उजळला. "अरे वा, जुने कस्टमर आहात! सुलभा मॅम ना? 412 पॉइंट आहेत. वापरायचे का? ओटीपी जाईल."

नंबर मरत नाहीत. बंद केलेला नंबर निदान 90 दिवस पडून राहतो, मग कंपनी तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधते. हे मी कधीतरी वाचलं होतं आणि नेमकं तिथे विसरलो.

"नको, नको," मी घाईघाईने म्हणालो. "राहू देत त्यांचे... आमचे."

"ओके, पाच अ‍ॅड झाले. बिल मोबाइलवर पाठवलंय सर, कागद वाचवतो आम्ही."

म्हणजे या क्षणी डोंबिवलीत, किंवा कुठेही, एका अनोळखी बाईच्या फोनवर माझी बनियन जाऊन पोचली होती. एक्स्ट्रा लार्ज, बिनबाह्यांची, तीन. तिच्या घरात फोन कोण उचलतं, यजमान कसे आहेत, काही कल्पना नाही. माझा खाजगीपणा वाचवता वाचवता मी तिच्या संसारात बनियन टाकून आलो होतो. घरी येईपर्यंत सारखं वाटत होतं, फोन करून माफी मागावी. पण म्हणणार काय? 'नमस्कार, ते बनियन माझे'?

पंधरा दिवसांनी ही बरोबर होती. उशांचे अभ्रे घ्यायचे होते. मी तिला दुसऱ्या काउंटरकडे ढकलत होतो, पण तिथे रांग मोठी. तीच मुलगी. मला पाहून छान हसली, आणि ही 'नव्वद-अठ्ठ्याऐंशी' सुरू करणार इतक्यात माझ्याकडे वळून म्हणाली,

"सर, सुलभा मॅमच्याच नंबरवर ना?"

हिने अभ्रे काउंटरवर ठेवले. "कोण सुलभा?"

सांगायला सुरुवात पुट्टस्वामींपासून करावी लागणार होती, आणि मागे तेच काका उभे होते.