आबांचं ‘ते’ वाक्य आणि आपली सोयीची आठवण

१६ फेब्रुवारी, म्हणजे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील, आपले आबा, यांचा स्मृतिदिन जवळ आला की आमच्या कोल्हापुरात तालमीच्या, पेठेच्या, भावकीच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. वर आबांचा हसरा फोटो, खाली ‘एका वाक्याने घेतलेला बळी’ असा मथळा. म्हणणं थोडक्यात असं: २६/११ नंतर राज्याचे गृहमंत्री असताना आबा जे बोलले आणि ज्यापायी त्यांचं पद गेलं, ते मीडियाने मोडून-तोडून दाखवलं, त्यांची हिंदी कच्ची होती, एवढाच गुन्हा, उभ्या आयुष्यात ते बोलताना एकदाच घसरले, बाकीचे नेते वाट्टेल ते बोलून सुटले, शिक्षा झाली ती फक्त अंजनीच्या गरिबाच्या पोराला, आणि आपल्या कोल्हापूर-सांगलीकडची रांगडी भाषा मुंबईच्या पत्रकारांना कळलीच नाही. शेवटी नेहमीचं, पटलं तर दहा जणांना पाठवा.

मला पटत नाही. आबांबद्दल आकस मुळीच नाही. ग्रामस्वच्छता अभियानात गावंच्या गावं झाडून निघाली, तंटामुक्तीत बांधावरची भांडणं गावातच मिटली, हे या भागानं पाहिलंय. म्हणूनच असला लंगडा बचाव त्यांच्या नावावर खपवलेला बघवत नाही.

आधी वाक्याचंच घेऊ. मजकुरात आबांच्या तोंडी ‘बडे बडे शहरों में ऐसी छोटी छोटी बातें होती रहती हैं’ असं घातलंय. आता हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं एका गाजलेल्या हिंदी सिनेमातलं आहे. तिथं फक्त शहरांच्या जागी देश आहेत. त्या दिवसांतल्या बातम्यांत आबांचे शब्द आले ते ‘एकाध हादसा’ असे. मोठ्या शहरात असा एखादा हादसा होतो, या अर्थाचे. पुढं टिंगलीत सिनेमाचा संवाद त्यांना चिकटला, तो लोकांच्या तोंडात बसला, आणि आता आबांचे भक्तच तो अवतरणचिन्हांत घालून वाटतायत. मोडतोड झालीच असेल तर ती दरवर्षी आपल्याच ग्रुपवर होते.

पण म्हणून मूळ बोलणं धुतल्या तांदळासारखं होत नाही. संदर्भ तोडला, अशी तक्रार आहे ना? मग संदर्भ जोडून बघा. त्याच बोलण्यात पुढं हिशेब होता, की हल्लेखोर पाच हजार माणसं मारायला आले होते, त्या मानानं आपण नुकसान कमी होऊ दिलं. पोलिसांनी मोठा अनर्थ टाळला हे आबांना सांगायचं असणार, यावर माझा विश्वास आहे. आणि ते खोटंही नव्हतं. पण १६६ माणसं गेली होती. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले होते. साताऱ्याकडचे, केडंबे गावचे तुकाराम ओंबळे कसाबची बंदूक धरून ठेवताना अंगावर गोळ्या झेलून गेले होते. हे सगळे ज्या खात्याचे, त्या खात्याचा मंत्री कॅमेऱ्यापुढं बसून आकड्याशी आकडा लावून दाखवत होता. पुढचं-मागचं जोडलं की ते वाक्य मवाळ होत नाही, जास्तच टोचतं.

हिंदी कच्ची होती म्हणावं तर तोच हिशेब मराठीत मांडला असता तरी तसाच वाटला असता. शिवाय हा बचाव आबांना फार लहान करतो. १९७९ साली सावळजमधून जिल्हा परिषदेवर गेलेला, १९९० पासून तासगावचा आमदार असलेला, वकिलीची पदवी घेतलेला हा माणूस. युती सरकारच्या काळात विरोधी बाकांवरून त्यांनी सभागृह कसं गाजवलं, हे त्यांचेच चाहते रंगवून सांगतात. म्हणजे भाषण गाजलं की ‘काय फर्डा वक्ता’, आणि बोलणं अंगाशी आलं की ‘बिचारा खेड्यातला, बोलता येत नव्हतं’. दोन्ही कसं चालेल, भावा?

‘एकदाच घसरले’ हा मुद्दा तर सरळसरळ खोटा आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. जून २०१४ मध्ये गृहमंत्री म्हणून ते विधान परिषदेत म्हणाले, की घरटी एक पोलीस दिला तरी महिलांवरचे अत्याचार थांबणार नाहीत. बरं, याला हतबलता म्हणू. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली कवठेमहांकाळची प्रचारसभा? समोरच्या एका उमेदवारावर बलात्काराचा गुन्हा दाखल होता. त्याला टोला हाणताना आबा म्हणाले, आमदार व्हायचं होतं तर बलात्कार निवडणुकीनंतर तरी करायचा.

उपरोध होता, हे मान्य. खाली बसलेल्यांनाही तो उपरोध म्हणूनच कळला असणार. पण गेली कित्येक वर्षं राज्याचं गृहखातं ज्याच्याकडं होतं, त्यानं तक्रारदार बाईच्या वाट्याला आलेल्या गोष्टीवर टोला रचायचा? टोला उमेदवाराला होता, पण मध्ये ती बाई उभी होती. आबांनी लगेच माफी मागितली, तासगाव-कवठेमहांकाळनं त्यांना पुन्हा निवडूनही दिलं. आणि आता ती सभा आपल्या आठवणीतून साफ गेलीय. २००८ चं वाक्य राहिलं, कारण त्यात मुंबई आहे, मीडिया आहे, राजीनामा आहे. बळी म्हणून रंगवायला सगळं साहित्य तयार. कवठेमहांकाळात मीडियाचा हात नव्हता, हिंदी नव्हती, परकं कुणीच नव्हतं. बोलणारा आपला, भाषा आपली, ऐकणारेही आपलेच. दोष द्यायला कुणी सापडत नाही, म्हणून ते विसरायचं.

‘शिक्षा फक्त आबांना’ यात अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळात, उजनीच्या पाण्यासाठी उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याबद्दल अजितदादा इंदापूर तालुक्यातल्या सभेत जे बोलले ते इथं लिहवत नाही. त्यावर माफी झाली, कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी एक दिवसाचा आत्मक्लेश झाला, उपमुख्यमंत्रिपद जागेवर राहिलं. हा फरक दिसतोच. पण २००८ मध्ये एकटे आबा गेले का? केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील त्यांच्या आधी गेले. मुख्यमंत्री विलासराव गेले. ताजची पाहणी करायला जाताना मुलाला आणि सिनेमाच्या दिग्दर्शकाला सोबत नेणं त्यांना भोवलं. म्हणजे हल्ला झाला, तो थोपवता आला नाही, म्हणून वरपासून खुर्च्या हलल्या. आबांचं वाक्य नसतं तरी गृहखातं त्यांच्याकडं टिकलं असतं, असं छातीठोकपणे कोण सांगेल? शिवाय डिसेंबर २००८ ला गेलेलं गृहमंत्रिपद नोव्हेंबर २००९ ला, निवडणुकीनंतर, त्यांच्याकडेच परत आलं. वर्षसुद्धा भरलं नव्हतं. याला बळी म्हणत नाहीत.

राहिली रांगडी भाषा. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण यात आबांच्या आडून आपल्या सगळ्यांनाच गोवलंय. आपल्याकडं मित्राला शिवी दिल्याशिवाय हाक पुरी होत नाही, खरंय. पण पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जनाला उभं राहून बघा. दिवसभर ‘लगा’, ‘तुझ्या आयला’ केल्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही तीच माणसं तिथं हात पुढं बांधून उभी असतात. बोललंच कुणी तर ‘लई वाईट झालं’ एवढंच, तेही खालच्या आवाजात. ‘गावात एवढी माणसं, एखादं जायचंच’ असं तिथं कुणी म्हणून दाखवावं. कुठं काय बोलायचं हे रांगड्या माणसाला बरोबर कळतं. त्यामुळं तोंड सुटलं की भाषेवर ढकलायचं, हे बंद करा.

आणि हा रांगडेपणाही पक्ष बघून मोजला जातो. २०२४ च्या एप्रिलात, लोकसभेच्या प्रचारात, शिंदे शिवसेनेचे संजय मंडलिक समोरचे काँग्रेसचे उमेदवार, राजघराण्यातले आताचे शाहू महाराज, यांच्या दत्तक असण्यावर बोलले. नोव्हेंबरात, विधानसभेला, कोल्हापूर उत्तरच्या आपल्याच पक्षाच्या उमेदवारानं अर्ज मागं घेतल्यावर काँग्रेसचे सतेज पाटील कॅमेऱ्यासमोरच भडकले, दम नव्हता तर उभं राहायचं नव्हतं म्हणाले. त्याच महिन्यात लाडक्या बहिणीचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेला जाणाऱ्या बायकांचे फोटो काढा, त्यांची व्यवस्था करतो, असं भाजपचे धनंजय महाडिक जाहीर सभेत बोलले आणि मग माफी मागून मोकळे झाले. तीन नेते, भाषा एकाच जिल्ह्याची. आपला बोलला तर ‘मनात एक ओठात एक नाही, सरळ माणूस’, दुसऱ्याचा बोलला तर ‘सत्तेचा माज’. हे तिन्ही व्हिडिओ एकाच ग्रुपवर टाकून बघा, प्रत्येकाला फार तर एकात माज दिसेल. मंडलिकांना मात्र मतदारांनी मोजलं. दीड लाखाहून जास्त मतांनी ते शाहू महाराजांकडून हरले. हरण्याची कारणं दहा असतील, पण ते बोलणं कामी आलं नाही एवढं नक्की.

मजकुराच्या शेवटी एक आव्हान आहे: ‘हिंमत असेल तर खोडून दाखवा, नाहीतर बिंदू चौकात या.’ खोडून वर दिलंय. बिंदू चौकातही, म्हणजे आपल्याकडच्या जाहीर वादाच्या जागी, येतो. फक्त येताना २००८ च्या कात्रणाबरोबर ऑक्टोबर २०१४ चंही आणा.