कीचेनवाले

भाच्याच्या कॉलेजात आजपासून प्रोजेक्टचं प्रदर्शन आहे. परीक्षक म्हणून आलेले एक साहेब त्याच्या थ्रीडी प्रिंटरकडे बघून म्हणाले, "यावर कीचेन होतात. कोविडमध्ये सगळ्यांनी यावर फेस शील्ड छापून फोटो टाकले, पुढे काय?" पोरगं गप्प. मीही गप्प. घरी आल्यापासून मात्र डोकं फिरलंय.

एप्रिल २०२०. दुकानं बंद, कुरिअर बंद. तालुक्याच्या दवाखान्यातली एक सिस्टर स्कूटीवरून दारात आली. "दादा, ते प्रिंटर आहे म्हणे तुमच्याकडे?" तोवर तोंडासमोर काय लावत होती, तर फाइलचं कव्हर, सेलोटेपने चिकटवलेलं! थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या प्रागच्या योसेफ प्रुसाने शील्डचं डिझाइन सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं होतं. ते उतरवलं, पीएलएची, म्हणजे प्रिंटरच्या प्लास्टिकची, फ्रेम छापली, पुढे पारदर्शक ओएचपी शीट, मागे शेजारच्या शिंप्याकडचं इलॅस्टिक. एका फ्रेमला अडीच तास. रात्री गजर लावून उठायचो. पहिल्या खेपेला सहा दिली.

तिसऱ्या दिवशी ती परत हजर. पिशवीतून फ्रेम काढली, पार जिलेबी झालेली. "उकळत्या पाण्यात टाकली हो." तिची काय चूक? दवाखान्यात वस्तू उकळूनच घेतात. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, हे मी सांगायला हवं होतं.

हो, सर्टिफिकेट नव्हतं. हो, एकदा साचा तयार झाला की आमचं महिन्याचं काम कारखाना चुटकीसरशी उरकतो. पण साचा होईपर्यंतचे दिवस त्या बाईने फाइलच्या कव्हरवर काढायचे का? मुंबईच्या मेकर्स असायलम या हौशी कारागिरांच्या वर्कशॉपच्या एम१९ मोहिमेत ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून १० लाख शील्ड केली. सगळे कीचेनवालेच की!

जिलेबी घेऊन आली त्याच खेपेला सिस्टर म्हणाली, पट्टी कपाळाला रुतते. रात्री कॉम्प्युटरवर डिझाइनमध्ये पट्टी रुंद केली, आतून स्पंज चिकटवला, सकाळी नवीन फ्रेम तिच्या हातात. साचेवाल्याला सांगून बघा असं.

आणि फोटो... खोटं कशाला बोलू, मीही टाकला होता. याच भिंतीवर. तुम्हीच लाइक केलेत. सिस्टरने बघितलाही नसेल, तिला कुठली उसंत.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. साहेबांनी खरंच नुसते फोटोच पाहिले असतील.

ती जिलेबी अजून प्रिंटरवरच्या खिळ्याला आहे. बायको म्हणते, इथे कशाला लिहीत बसलायस, उद्या नेऊन ठेव पोराच्या टेबलावर. प्रदर्शन उद्या पाचपर्यंत आहे.