युटोपियात वार्षिक सभा का भरत नाही?

आदर्श समाजाच्या, म्हणजे युटोपियन, कादंबऱ्यांवर ठरलेल्या दोन प्रतिक्रिया येतात. एक, "किती सुंदर, असंच असायला हवं." दुसरी, "कागदावर ठीक आहे हो." पुस्तक न उघडताही या दोन्ही देता येतात. ही पुस्तकं वाचायची तर पेन घेऊन बसावं आणि हिशेब मांडावा. कामाचे तास किती, स्वयंपाक कोण करतं, घाण कोण उपसतं, आणि कुणी "नामंजूर" म्हणालं तर त्याचं काय होतं.

शेवटचा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात तरी समजावून सांगायला नको. साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था, कशाचीही वार्षिक सभा घ्या. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, अर्ध्या मांडवातून "मंजूर", अर्ध्यातून "नामंजूर", मग माईकची ओढाओढ. युटोपियन कादंबरी म्हणजे सगळे विषय पाच मिनिटांत एकमताने मंजूर झालेल्या सभेचं इतिवृत्त. वाचायला गोड लागतं ते त्यामुळेच, आणि घशात अडकतं तेही त्यामुळेच.

थॉमस मोअरचं 'युटोपिया' (१५१६) घ्या. बेटावर ५४ शहरं, प्रत्येक शहरात ६,००० कुटुंबं, प्रत्येक कुटुंबात १० ते १६ प्रौढ माणसं. म्हणजे एका शहरात ६० ते ९६ हजार प्रौढ. काम दिवसाला सहा तास: तीन दुपारच्या जेवणाआधी, तीन विश्रांतीनंतर. सहा तास पुरतात कसे, याचं उत्तर मोअर चोख देतो. बाहेरच्या जगात सरदार, त्यांचे हुजरे, धडधाकट भिकारी आणि कितीतरी लोक कामाला हातच लावत नाहीत. उरलेल्यांतले बरेचसे चैनीच्या वस्तू बनवण्यात गुंतलेले असतात. सगळे हात कामाला लावले आणि चैन बंद केली की सहा तास भरपूर झाले. अंगावरचे कामाचे कातडी कपडे सात वर्षं चालवायचे. घरं दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून बदलायची. सोन्याची संडासाची भांडी आणि गुलामांच्या बेड्या करायच्या, म्हणजे लोकांची सोन्यावरची वासना आपोआप उडते.

या प्रकाराची खरी ओढ अशा तपशिलात आहे. "लोभ वाईट" हे कीर्तनातही ऐकायला मिळतं. सोन्याचं भांडं खाटेखाली सरकवून दाखवलं की लोभाकडे बघायची नजरच बदलते. तत्त्वज्ञानाच्या जाड ग्रंथाला हे सहसा जमत नाही.

आता तोच हिशेब पुढे न्या. दर तीस कुटुंबांमागे एक भोजनगृह, म्हणजे एका पंगतीला ३०० ते ४८० प्रौढ, मुलं वेगळी, आणि जेवण दोन वेळचं. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर अन्नछत्रात राबलेल्या कुणालाही विचारा, इतक्या माणसांचं रांधणं म्हणजे काय असतं, आणि तेही वर्षभर रोज. मोअरची सोय अशी: स्वयंपाक बायकांनी पाळीपाळीने करायचा, आणि कष्टाचं, घाणीचं काम गुलामांनी. जनावरं कापायचं कामही गुलामांचंच, कारण त्याने नागरिकांच्या मनातली दया मरते म्हणे. गुलामांच्या मनाचं काय, हा विषय पत्रिकेवरच नाही. लोकसंख्या वाढली की जादा माणसं शेजारच्या मुख्य भूमीवर वसवायची. तिथल्या लोकांनी विरोध केला तर युद्ध. परवानगीशिवाय दुसऱ्यांदा प्रवास करताना सापडलात तर गुलामी. आणि अधिकृत सभागृहाबाहेर राज्यकारभाराची मसलत केलीत तर देहदंड! चहाच्या टपरीवर महापालिकेचं बजेट सोडवणारं आपलं निम्मं गाव तिथे फासावर गेलं असतं.

मोअर मात्र भोळा नव्हता. त्याने पुस्तकात स्वतःलाच एक पात्र केलंय आणि शेवटी हा मोअर म्हणतो की यातल्या बऱ्याच गोष्टी मला विचित्रच वाटल्या. नंतरच्या लेखकांनी त्याचा आराखडा उचलला आणि ही शंका तेवढी वगळली. कांपानेल्लाने नेपल्सच्या तुरुंगात 'सूर्यनगरी' लिहिली. तिथे काम चारच तास, पण कुणी कुणाशी संग करायचा ते अधिकारी आणि ज्योतिषी ठरवणार. बेकनच्या 'न्यू अटलांटिस'मध्ये कोणते शोध सरकारलाही सांगायचे नाहीत ते शास्त्रज्ञच ठरवतात.

हे असं होतं याचं कारण लेखकाच्या स्वभावापेक्षा मांडणीत आहे. एक पाहुणा येतो, एक जाणता स्थानिक त्याला हिंडवतो. पाहुण्याचं काम "मग पैशाचं काय?" एवढंच विचारायचं. स्थानिक तीन पानं बोलतो, पाहुणा मान डोलावतो. भांडण नाही म्हणून गोष्ट पुढे सरकत नाही. मग लेखक एखादं प्रेमप्रकरण चिकटवतो. एडवर्ड बेलमीच्या 'लुकिंग बॅकवर्ड'मध्ये (१८८८) नायक १८८७ मध्ये झोपतो, २००० मध्ये बॉस्टनला जागा होतो आणि प्रेमात पडतो ती नेमकी त्याच्या जुन्या वाग्दत्त वधूची पणती.

पण बेलमीने एक अस्सल कोडं हाताळलं: जड काम स्वखुशीने कोण करणार? त्याचं उत्तर, काम जितकं नकोसं तितके त्याचे तास कमी. मोबदला सगळ्यांना सारखाच. एकवीस ते पंचेचाळीस वर्षं वयापर्यंत राष्ट्राच्या श्रमसेनेत काम, नंतर निवृत्ती. बारकाईने वाचलं की दोन गोष्टी सापडतात. अंगात ताकद असून हट्टाने काम नाकारणाऱ्याला पाव-पाण्यावर एकांत कोठडी. आणि राष्ट्राध्यक्ष निवडताना श्रमसेनेत राबणाऱ्यांना मत नाही, मत सेवा संपलेल्यांना. राबणाऱ्या सभासदाला सभेत मत नाही आणि निवृत्त मंडळी चेअरमन निवडणार, हा पोटनियम आपल्याकडे कुणी मांडून बघावाच.

वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या 'वॉल्डन टू' (१९४८) या कादंबरीतल्या वस्तीने हीच कल्पना आणखी घासूनपुसून घेतली. वर्षाला १,२०० श्रम-गुण, म्हणजे ३०० दिवस रोज चार. गटार साफ केलं तर तासाला दीड गुण, फुलबागेत रमलात तर ०.१. कारभार सहा नियोजकांकडे, त्यांना सभासद निवडत नाहीत.

हे पुस्तक वाचून १९६७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात ट्विन ओक्स नावाची वस्ती खरंच उभी राहिली. ती आजही आहे, आणि म्हणून या सगळ्या चर्चेत सगळ्यात उपयोगी पुरावा तिचाच. त्यांनी कामानुसार कमीजास्त गुण देऊन पाहिले आणि शेवटी ती पद्धत सोडली. तुमचा कंटाळा माझी आवड असू शकते, तेव्हा दर लावायचा कुणाच्या नावडीवर? अखेर एक तास म्हणजे एक तास, मग तो टांगून झोपायच्या झोळ्या विणण्याचा असो, टोफू बनवण्याचा की स्वयंपाकाचा. घरकाम आणि मुलं सांभाळणं कामाच्या तासांत धरलं. कादंबऱ्यांतल्या चार-सहा तासांत ते बहुधा गिळलेलं असतं. स्किनरचं वर्तनशास्त्रही मागे पडलं. पण एक फळा मात्र त्यांना लागलाच. त्यावर सभासद आपलं म्हणणं लिहून टांगतात आणि बाकीचे खाली आक्षेप नोंदवतात. स्किनरने वगळलेली सभा त्यांनी भिंतीवर परत आणली.

आपल्याकडचं पाहिलं तर बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' (१९०५) मला या सगळ्यांत चटपटीत वाटते. बायका राज्य चालवतात, पुरुष पडद्यात, चूल सूर्याच्या उष्णतेवर. दिवसाला दोन तास काम पुरतं, कारण पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढायचे, एकाला अर्धा तास, म्हणजे सहा तास धुरातच गेले! पडद्यातला पुरुष बोलत नाही, पण इथे तो वार लेखिकेने जाणूनबुजून केलेला आहे.

मराठीत सगळ्यात धीट पान महात्मा फुल्यांचं. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये आलं. त्यात एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही. सणाच्या दिवशी त्या घरात काय शिजतं हे लिहिलेलं नाही, ते मला वाचायला आवडलं असतं. आणि खऱ्या सुधारणेचा मसुदा कसा दिसतो ते पाहायचं तर १९१७ चा करवीर संस्थानचा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा बघा. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. नाही म्हणणारा माणूस मसुद्यातच धरलेला आहे.

कादंबरीत असा माणूस धरणारे थोडे. अर्सुला ली ग्विनच्या 'द डिसपझेस्ड'मध्ये (१९७४) अनारेस नावाच्या ग्रहावर सरकार नाही, तरी दुष्काळात जोडपी कामासाठी वर्षानुवर्षं ताटातूट सोसतात, वरिष्ठ शास्त्रज्ञ दुसऱ्याचं संशोधन दाबून ठेवतो, आणि बैठकांत खडाजंगी होते. बेलमीवर चिडून विल्यम मॉरिसने 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' (१८९०) लिहिलं. त्यात ब्रिटनच्या संसदेच्या इमारतीत शेणखत साठवतात, पण गावसभा चालू आहे. मतं जवळपास सारखी पडली तर विषय पुढच्या बैठकीवर ढकलतात. आणि एक कुरकुऱ्या म्हातारा आहे, त्याला जुनी स्पर्धा बरी वाटते. अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जिवंत माणूस तोच.

नव्याने वाचणाऱ्यांनी बेलमी आणि मॉरिस पाठोपाठ वाचावेत, एकटा बेलमी झेपत नाही. मोअरचा पहिला भाग मात्र गाळू नका. दुसरा, बेटाचा भाग त्याने आधी लिहिला आणि पहिला नंतर जोडला. मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमिनीवरून हुसकावलेले शेतकरी आणि चोरीसाठी सरसकट फाशी, हे सगळं त्यात आहे. ते वाचल्यावर सहा तासांचा हिशेब कुणासाठी मांडला होता ते कळतं.