हलेल तोच हजर

आमच्या कार्यालयातील बैठकीची खोली कोणी आणि किती वेळ वापरावी, हा प्रश्न पूर्वी दारावर टकटक करून सुटत असे. आता तो छतावर चिकटवलेला, वाटीएवढा पांढरा सेन्सर सोडवतो आणि त्याचा निकाल अंतिम असतो.

या सेन्सरला माणूस असा दिसतच नाही. त्याच्यापुढची जागा भिंगाने अनेक पट्ट्यांत विभागलेली असते आणि अंगातून निघणारे अवरक्त किरण एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकले, तरच ‘कोणीतरी आहे’ अशी नोंद होते. म्हणजे जो हलेल तोच हजर. परिणामी, हिशेब डोळ्यांखालून घालत निमूट बसलेला मनुष्य यंत्राच्या दृष्टीने अनुपस्थित ठरतो. काही मिनिटांत दिवे मालवतात, खोलीचे आरक्षण रद्द होते आणि बाहेर टपून बसलेली मंडळी लॅपटॉप सावरत आत शिरतात. यावर उपाय म्हणून आमच्या प्रत्येक बैठकीत एकाने अधूनमधून हात हवेत फिरवायचा, अशी प्रथा पडली आहे. हे काम बहुधा नव्याने रुजू झालेल्याच्या वाट्याला येते आणि तो ते इतक्या निष्ठेने करतो, की पाहुण्यांना वाटते, बिचाऱ्याला काही बोलायचे आहे.

भिंतीवरचा दुसरा सेन्सर हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजतो. मोकळ्या हवेत हे प्रमाण दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास असते. बंद खोलीत दहा माणसे कोंबली, की ते १००० च्या पुढे सहज जाते आणि पडद्यावरचा आकडा लाल होतो. साहेबांचे भाषण कितीही लांबले तरी त्यांना थांबवण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. आता सगळे त्या लाल आकड्याकडे आशेने पाहत राहतात.

१९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील संशोधकांनी सामाईक कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला होता, तो भांडे रिकामे आहे की भरलेले, एवढेच जागेवरून कळावे म्हणून. आमच्या व्यवस्थापनाची जिज्ञासा तेवढ्यावर भागत नाही. दर महिन्याला रंगीत नकाशांचा अहवाल येतो. मागच्या अहवालात इमारतीतील सर्वाधिक गजबजलेली जागा म्हणून प्रसाधनगृहाबाहेरचा बोळ निघाला आणि तिथे ‘सहकार्य कक्ष’ उभारण्याची शिफारस झाली. दारावरचे कुलूप नादुरुस्त आहे, म्हणून तिथे रांग लागते, हे सांगणारा सेन्सर अद्याप बसवलेला नाही.

तक्रारी वाढल्यावर छतावर रडारचे सेन्सर आले. त्यांना श्वासाबरोबर होणारी छातीची हालचालही कळते, त्यामुळे अख्खी बैठक डुलक्या घेत असली तरी दिवे लख्ख जळत राहतात. वीजबचतीचे आकडे मात्र घसरले असून, त्याची कारणमीमांसा करण्यासाठी उद्या जेवणानंतर त्याच खोलीत बैठक बोलावली आहे.