'हबका मारा आणि कामाला लागा': ॲनिलिनच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी भाच्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, 'मामा, हे खरं आहे का?' तो नुकताच कोकणातल्या एका एमआयडीसीत, डाय इंटरमीजिएट (रंग बनवायला लागणारी रसायनं) बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी ऑपरेटर म्हणून लागलाय. त्याच्या शिफ्टच्या ग्रुपवर हा मेसेज तीनदा येऊन गेलाय आणि प्रत्येक वेळी खाली अंगठ्यांची रांग. मी स्वतः 21 वर्षं अशाच प्लांटमध्ये काढली आहेत. वाचून इतका संताप आला की चहा तसाच राहिला.

मेसेज ॲनिलिनवर, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या एका विषारी रसायनावर, काम करणाऱ्यांसाठी आहे. त्यातले 'अनुभवाचे सात बोल' असे: वास येत नाही तोवर धोका नाही. अंगावर उडालं आणि जळजळलं नाही, तर पाण्याचा हबका मारून कामाला लागा. हातांना आधी खोबरेल चोळा. नाकाला ओला रुमाल बांधा. शिफ्ट सुटल्यावर गूळ-दूध घ्या, जमलं तर एक पेगही, म्हणजे केमिकल उतरतं. ओठ निळे पडले तर लॅबमधलं मिथिलीन ब्लू (एक निळा रंग) पाण्यात टाकून प्या. आणि कॅन्सरबिन्सर ही सगळी अफवा.

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माणूस मरेल तो त्याने.

ॲनिलिन अंगावर पडलं तर ॲसिडसारखं भाजत नाही. तेलकट, पिवळट-तपकिरी द्रव. पँटवर पडलं तर खोबरेलाचा डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणूनच ते फसवं आहे. ते कातडीतून थेट रक्तात जातं. मग यकृतात त्याचं फिनाइल हायड्रॉक्सिलअमाइन होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करून टाकतं. त्या हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिजन उचलूच शकत नाही. या सगळ्याला वेळ लागतो. उडाल्या क्षणी काहीच वाटत नाही, आणि पाच मिनिटांनी 'मी ठणठणीत आहे' म्हणणारा माणूस काही तासांनी कोसळू शकतो.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका जुन्या कंपनीत पंपाची ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) गळत होती आणि ठेकेदाराच्या एका हेल्परच्या उजव्या मांडीवर फवारा आला. हातात सुती ग्लोव्हज, अंगात साधी पँट. त्याने नळावर दोन ओंजळी पाणी मारलं, फडक्याने टिपलं आणि ड्रम ढकलायला गेला. अडीच-तीन तासांनी कॅंटीनमध्ये समोर बसलेला म्हणाला, 'काय रे, जांभळं खाल्लीस काय?' ओठ तसेच झाले होते, नखंही. त्याची तक्रार एवढीच की डोकं जरा दुखतंय. ओएचसीत, म्हणजे कंपनीतल्या दवाखान्यात नेलं, बोटाला ऑक्सिमीटर लावला, 85 टक्के दाखवत होता. ऑक्सिजन लावला तरी 85च. सिरिंजमध्ये रक्त ओढलं तर ते चॉकलेटच्या रंगाचं, आणि हवेत धरून ठेवलं तरी लाल होईना. आणि इतका सगळा वेळ ती ओली पँट त्याच्या अंगावरच होती. तीन तास मांडी ॲनिलिन पीत होती. नर्सबाईंनी आधी कात्रीने पँट कापून काढली, साबणाने दोनदा अंग धुतलं आणि मगच गाडीत घातलं. तो वाचला, पण त्या पाण्याच्या हबक्यामुळे वाचला नाही.

ज्याला माझ्या शब्दावर विश्वास नसेल त्याने 1948 च्या फॅक्टरी कायद्याचं दुसरं परिशिष्ट उघडावं (2025 साली त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). कामाच्या जागेच्या हवेत कुठलं रसायन किती चालेल याची ती यादी होती. ॲनिलिनसमोर 2 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 2 भाग) लिहिलंय, आणि नावाला जोडून एक शब्द छापलाय: स्किन. याचा अर्थ, हवेतलं प्रमाण मर्यादेत असलं तरी कातडीवाटे विषबाधा होऊ शकते. सरकारी कागदावर एका शब्दात सांगून ठेवलंय, आणि आपण ग्रुपवर 'हबका मारा' पसरवतोय.

अजून पटत नसेल तर हे ऐका. 1886 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नवजात बाळं निळी पडल्याची नोंद आली. कारण निघालं लंगोटांवर खुणेसाठी मारलेला ॲनिलिनच्या शाईचा शिक्का. शिक्क्याएवढ्या शाईने बाळ निळं पडत असेल, तर भिजलेल्या पँटचं काय?

तेव्हा उडालं तर करायचं काय? लगेच सेफ्टी शॉवरखाली जायचं आणि कपडे शॉवरखालीच उतरवायचे, लाज बाजूला ठेवून. भरपूर पाणी, मग साबण, मग पुन्हा पाणी. केस, नखांखाली, कानामागे. चामड्याचा पट्टा, बूट, घड्याळाचा पट्टा टाकून द्यायचा. चामड्यात ॲनिलिन मुरलं की धुऊन निघत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच बूट पुन्हा विष देतो. मदतीला येणाऱ्याने उघड्या हाताने त्या कपड्यांना हात लावायचा नाही. आणि बरं वाटत असलं तरी डॉक्टरच्या नजरेसमोर काही तास बसायचं. मे महिन्यात तर दुप्पट सावध, कारण घामेजलेल्या, तापलेल्या कातडीतून ते जास्त वेगाने आत शिरतं.

खोबरेलाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. ॲनिलिन पाण्यात थोडंसंच विरघळतं, तेलात मात्र सहज मिसळतं. हाताला तेल लावणं म्हणजे त्याला धरून ठेवायची सोय करणं. पातळ नायट्राइलचे ग्लोव्हजसुद्धा ॲनिलिन फार वेळ अडवत नाहीत, ब्यूटाइल रबरचे लागतात. ते महाग असतात, म्हणून मिळत नाहीत. ते मागून घ्या. मागणं हा उद्धटपणा नाही. भोपाळनंतर 1987 साली फॅक्टरी कायद्यात नवं प्रकरण घातलं गेलं ते याचसाठी, की धोका काय आणि त्यापासून वाचायचं कसं हे मालकाने कामगाराला सांगितलंच पाहिजे.

वासाबद्दल मात्र एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ॲनिलिनचा सडक्या माशासारखा वास साधारण 1 पीपीएमला, म्हणजे मर्यादा गाठण्याआधीच, येतो. नाक खरंच इशारा देतं. पण तो पहिल्या काही मिनिटांत. आठ तास त्याच वासात वावरलेल्या नाकाला तो कळेनासा होतो, आणि मांडीवर पडलेलं ॲनिलिन कातडीतून जाताना नाकाला विचारत नाही. म्हणून 'वास आला तर सावध व्हा' एवढं खरं, 'वास नाही तर धोका नाही' हे साफ खोटं.

ओल्या रुमालातून वाफ आरपार जाते. विषय संपला.

गूळ-दुधाने काही बिघडणार नाही, पण होणारही काही नाही. पोटात गेलेल्या दुधाचा कातडीतून रक्तात गेलेल्या ॲनिलिनशी संबंध काय? पेगचं तसं नाही. दारूने ॲनिलिनची बाधा बळावते. शिफ्टमध्ये थोडं अंगावर आलेला माणूस रात्री प्यायला, तर घरचे म्हणतात 'जास्त झालीय, झोपू दे', आणि ओठ कोणी बघत नाही. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला कधीतरी समोर बसवून विचारायचंय मला.

मिथिलीन ब्लूचा मुद्दा सगळ्यांत धोकादायक अर्धसत्य आहे. हो, यावरचं औषध तेच आहे. त्या हेल्परला मुंबईत तेच दिलं. पण ते इंजेक्शनच्या शुद्धतेचं असतं, किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम या हिशेबाने, शिरेतून, साधारण पाच मिनिटं घेऊन सावकाश देतात, आणि तेही रक्तातलं मेथहिमोग्लोबिन मोजून. लॅबच्या फडताळातली बाटली रंगकामाची आहे, औषध नव्हे. डोस जास्त झाला तर हेच मिथिलीन ब्लू उलट मेथहिमोग्लोबिन वाढवतं. ज्यांच्या रक्तात जी-6-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी यामुळे फुटू शकतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी लोकांना स्वतःला हे असल्याचं ठाऊकच नसतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या चालू असतील तर वेगळाच धोका. हे बाटलीतून पिण्याचं सरबत नाही.

कॅन्सरचं सांगतो. 1895 साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे दाखवलं आणि त्याला 'ॲनिलिन कॅन्सर' नाव पडलं. पुढे मुख्य गुन्हेगार बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेंझिडीन ही रंगधंद्यातलीच दुसरी रसायनं निघाली, हे खरं. मेसेजवाल्याने कदाचित इथपर्यंतच वाचलं. पण 2020 साली आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ॲनिलिन '2-अ' गटात टाकलं, म्हणजे माणसाला बहुधा कर्करोगकारक. ही अफवा नव्हे. लघवीतून रक्त आलं तर 'उष्णता झाली' म्हणून सोडून देऊ नका.

भाच्याला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मामा, पण रात्रपाळीला काही झालं तर तालुक्याच्या दवाखान्यात नेतात, तिथे हे कोणाला माहीत असेल?' प्रश्न बरोबर आहे. साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो, डॉक्टर दम्याचा किंवा हार्टचा त्रास समजून बसू शकतात. म्हणून त्याच्या आयकार्डच्या मागे घालायला मी एक चिठ्ठी लिहून दिली आहे: 'ॲनिलिनचं काम करतो. ओठ निळे दिसले तर मेथहिमोग्लोबिन तपासा. कपडे आधी काढा. जी-6-पीडी तपासलेलं नाही.' शेवटची ओळ खोडायची म्हणून तो शनिवारी रक्त द्यायला जाणार आहे.