पृथ्वी फिरते म्हणून अमेरिका जवळ येत नाही

सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे निघालेल्या माझ्या मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश आला आणि त्याच्या जोरावर ते तिकीट एजंटाशी वाद घालून आले. संदेशाचे म्हणणे असे की, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पश्चिमेला उडणाऱ्या विमानाकडे अमेरिका आपणहून सरकत येते आणि प्रवास निम्म्या वेळात संपायला हवा. पण कंपन्या नकाशावरची सरळ रेषा सोडून उत्तरेकडून वळसा घालतात व इंधनाच्या नावाखाली पैसे उकळतात. शिवाय अंतर ठरलेले असताना जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत फरक दाखवणे ही लबाडी आहे.

पहिला मुद्दा इतका पोकळ आहे की तो तपासायला अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे जात असते, तर प्रवासी विमानाचा वेग ताशी 850 ते 900 किलोमीटर असतो. जमीन विमानाला मागे टाकून खरोखरच पुढे निघून जात असती, तर मुंबईहून नागपूरला निघालेले विमान नागपूरला कधीच पोहोचले नसते. ते मागे पडत पडत अरबी समुद्रावर गेले असते. तसे होत नाही, कारण धावपट्टी, तिच्यावरचे विमान आणि भोवतालची हवा हे सारे पृथ्वीबरोबरच फिरत असते आणि उड्डाण केल्याने तो वेग गळून पडत नाही.

वेळेत फरक पडतो तो वाऱ्यामुळे. एअर इंडियाने ऑक्टोबर 2016 मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून नेले. अंतर सुमारे 15,300 किलोमीटर झाले, जुन्या मार्गापेक्षा जवळजवळ 1,400 किलोमीटर अधिक. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे सुमारे दोन तास आधी संपला, कारण उंचावरचे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे पाठीशी होते. पूर्वेकडून जास्त अंतर कापूनही विमान लवकर पोहोचत असेल, तर ‘पश्चिमेला लवकर’ आणि ‘अंतर तेच तर वेळही तीच’ हे दोन्ही दावे एकदमच निकालात निघतात. पृथ्वीच्या फिरण्याचा या वाऱ्यांच्या दिशेशी संबंध आहे, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

नकाशाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे गोलावरचे किमान अंतर 12,400 किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. भिंतीवरच्या नकाशावर अटलांटिकवरून ओढलेली ‘सरळ’ रेषा 18 हजारांच्या वर भरते. घरात पृथ्वीचा गोल असेल, तर त्यावर दोरा ताणून कोणीही हे पाहू शकतो.

वळसे पडतात हे खरे आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांचा वेळ वाढला. पण त्या वळशात जादा इंधन जळते ते कंपनीच्याच खर्चाने, त्यामुळे असा वळसा कोणतीही कंपनी हौसेने घालणार नाही.