मागितलं होतं का कुणी?

अख्खा रविवार घालवून दुसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्टार्टर फाइल बनवली. नऊ फंक्शनं, प्रत्येकाची टाइप सिग्नेचर (काय घेणार, काय देणार ते सांगणारी ओळ) माझी, आणि पोटात नुसतं ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे रिकाम्या जागेची खूण. ते कुठल्याही टाइपमध्ये चालून जातं, त्यामुळे फाइल पहिल्या मिनिटापासून बिनतक्रार कम्पाइल होते. पोरांनी एकेक जागा भरत जायचं. शिवणक्लासात कापड बेतून देतात ना, तसं. यांनी नुसती टीप मारायची.

दोघांनी सिग्नेचरीच पुसल्या. एकानं मॉड्यूलला स्वतःचं नाव दिलं. (१९९० साली आलेल्या या भाषेला हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं नाव दिलंय, हे सांगितलं त्या दिवशी ‘सर, मटण करी का?’ यातच तास संपला होता.)

पण गुरुवारचा महाभाग वेगळाच. सॉर्टच्या, म्हणजे आकडे क्रमानं लावायच्या प्रश्नाला आपोआप तपासणाऱ्या स्क्रिप्टनं त्याला दोनपैकी दोन दिले. उघडून बघतो, तर यादीत जितके आकडे, तितके अनडिफाइन्ड ओळीनं मांडलेले.

“अरे, यात सॉर्ट कुठंय?”

“टाइप बरोबर आहे, सर.”

“उत्तर कुठंय?”

“तुमच्या टेस्टनं फक्त यादीची लांबी विचारली. तीन आकडे दिले, तीन आले. लांबी मोजताना आत काय आहे ते हॅस्केल बघतच नाही. लेझी इव्हॅल्युएशन, सर, गरज पडली तरच काम. तुमच्याच स्लाइडवर आहे.”

होतं. टेस्ट घाईत लिहिली होती, हेही खरं. वर पोरगं इतकं नम्र, की ओरडायचीही सोय नाही.

तेवढ्यात प्रिंटरमध्ये कागद भरणारे लॅबचे काका म्हणाले, “बरोबर बोलतोय की तो. साहेबांनी मागितल्याशिवाय आपण तरी सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर कुठं भरतो?”

“आणि मागितलं तर?”

“मग बघू.”

अनडिफाइन्ड म्हणजे काय, हे मी दोन तास फळ्यावर शिकवलं होतं. काकांनी ते दोन शब्दांत उरकलं. पोरगं मान डोलावत होतं. माझ्या तासाला त्यानं एकदाही डोलावली नव्हती.

गुण कापता आले नाहीत. चूक टेस्टची, टेस्ट माझी. रात्री अकरापर्यंत नऊच्या नऊ टेस्ट पुन्हा लिहिल्या.

मी तासिका तत्त्वावर आहे. शिकवलेल्या तासांचे पैसे मिळतात, तेही चार-चार महिन्यांनी. या खेपेला बिलात हिय्या करून एक ओळ वाढवली : ‘स्टार्टर फाइल, सहा तास.’ क्लार्कबाईंनी लाल पेनानं ती आडवी खोडली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “मागितली होती का कुणी?”